ताईला ती दुपार आठवत नाही

भाची नीटच्या क्लाससाठी वर्ध्याहून आमच्याकडे नागपूरला, महाल भागात राहायला आली, तेव्हा तिच्यासोबत दोन बॅगा पुस्तकं आली आणि दवाखान्याच्या मालिकांचं वेड आलं. केमिस्ट्रीला कंटाळली की ती मोबाईलवर अमेरिकन डॉक्टर बघत बसते. वरून मलाच ऐकवते, "मामा, हा पण अभ्यासच आहे." आधी कुठलीशी नवी मालिका झाली. मग त्यातला पिकल्या दाढीचा डॉक्टर तरुणपणी ज्या मालिकेत होता ती तिनं शोधून काढली. नाव 'ईआर'. शिकागोतलं काउंटी जनरल नावाचं काल्पनिक इस्पितळ, त्याचा इमर्जन्सी विभाग, १९९४ ते २००९ अशी पंधरा पर्वं, एकूण ३३१ भाग. मायकेल क्रायटन या डॉक्टरकी शिकलेल्या लेखकानं तिची मूळ पटकथा १९७४ सालीच लिहून ठेवली होती, हे मला जेवताना वरणभातासोबत कळलं.

त्या रविवारी ताई वर्ध्याहून लेकीला भेटायला आली होती. सकाळी तर्री पोहे झाले, दुपारी झोप झाली, आणि संध्याकाळी पोरीनं मोबाईल टीव्हीला जोडला. "आई, हा एक भाग बघच. सगळ्यात जास्त रडवणारा आहे म्हणतात." तिनं स्वतःही तो पाहिला नव्हता. ९ मार्च १९९५ ला पहिल्यांदा दाखवलेला भाग. त्यात काय आहे हे आम्हा तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं, नाहीतर मी लाइट गेल्याचं नाटक केलं असतं.

सुरुवात साधीच आहे. दिवस भरत आलेली एक बाई नवऱ्याला घेऊन येते. वारंवार लघवीला जावं लागतंय एवढीच तक्रार. नवराबायको हसरी, थट्टामस्करी करणारी. डॉक्टर ग्रीन तपासतो, मूत्राशयाला संसर्ग झालाय म्हणतो आणि औषध देऊन घरी पाठवतो. मालिकेतला हा सगळ्यात समजूतदार डॉक्टर, प्रेक्षकांचा लाडका. नवराबायको निघतात, आणि थोड्याच वेळात नवरा तिला घेऊन परत येतो तेव्हा तिला झटके येत असतात.

मी रिमोट शोधू लागलो. तो ताईच्या मांडीखाली होता.

ताई पडद्याकडेच बघत होती. मग हळूच म्हणाली, "हेच झालं होतं नं रे मला?"

आमच्या घरात या विषयावर १६ वर्षं कोणी बोललेलं नाही. ठरवून नव्हे. ताई वाचली, पोर वाचली, बाबांनी अयाचित मंदिरात नारळ फोडला आणि विषय संपला. ताईला त्या दिवशी सकाळी केलेल्या पोळ्या आठवतात, आणि त्यानंतर एकदम तिसऱ्या दिवशीचं छत. छतावरचा पंखा वाकडा होता, एवढंच. मधलं काहीच नाही. झटके आलेल्या माणसाला त्याच्या आगेमागेचं बरेचदा आठवत नाही, असं तेव्हाच सिस्टर म्हणाल्या होत्या. म्हणजे जिच्यावर ते गुदरलं तिच्याकडे ती दुपार नव्हतीच. ती माझ्याकडे होती.

"पॉज कर," ताई लेकीला म्हणाली. "आणि तू सांग."

मे २००९. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागून दोन-तीन दिवस झालेले. ताई सातव्या महिन्याची ओटी भरून माहेरी आली होती आणि आठवा संपत आला होता. तिच्या पायांवर सूज होती. जोडवी रुतायला लागली म्हणून आईनं साबण लावून ती काढली होती. आई म्हणाली, गरोदरपणी पाय सुजतातच, उशीवर ठेवून झोप. डोकं दुखत होतं. नागपुरात मे महिन्यात कोणाचं डोकं दुखत नाही? आम्ही म्हणालो ऊन बाधलं. आईनं तळव्यांना कांदा चोळला, कैरीचं पन्हं दिलं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली, तर बाबांनी खिडकीला आणखी एक ओली चादर लावली. मग वरच्या पोटात, बरगडीखाली दुखू लागलं. तेव्हा मात्र मी तिला सकाळी जवळच्या एका डॉक्टरकडे नेलं.

तिथं बाकावर वीसेक माणसं होती, सगळी उन्हानं आलेली. उलट्या, जुलाब, चक्कर. आमचा नंबर आला, डॉक्टरांनी जीभ पाहिली, डोळे पाहिले, पोटात आग होते का विचारलं. ॲसिडिटीच्या गोळ्या आणि क्षार-साखरेची पाकिटं दिली. "भरपूर पाणी पी, बाळा. उन्हात निघू नको." चांगलं बोलले. तीन मिनिटं लागली असतील. बीपी मोजायचं यंत्र टेबलावरच होतं, त्यावर औषध कंपनीचं कॅलेंडर उभं करून ठेवलेलं.

हे यंत्राचं मला नंतर आठवलं. तेव्हा मी फक्त किती पैसे झाले ते विचारलं.

घरी येऊन ताईनं पोळ्या केल्या (आई नको म्हणत होती) आणि कूलरसमोर चटईवर आडवी झाली. दोनच्या सुमारास मी आतून आवाज ऐकला. आधी वाटलं कूलरचा पंखा जाळीला लागतोय. जाऊन बघतो तर ताईचे डोळे वर गेलेले, मान एका बाजूला वळलेली, आणि सगळं अंग लाकडासारखं ताठ. मग हातपाय उडायला लागले. तोंडातून फेस, त्यात रक्त.

"जिभेचं," मी म्हणालो. "तुझी जीभ चावली गेली होती."

ताईनं तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली. तिच्या जिभेच्या उजव्या कडेला एक खाच आहे. इतकी वर्षं ती समजत होती की उष्णतेनं तोंड आलं होतं, त्याचा वण राहिला. आईनंच तसं सांगितलं होतं.

आईची किंकाळी ऐकून शेजारपाजारचे आले. मग आपल्याकडे जे होतं ते सगळं झालं. कोणी म्हणे मिरगी आहे, कांदा फोडून हुंगवा. कोणी म्हणे दातात चमचा घाला. एकजण म्हणे, चामड्याची चप्पल नाकाला लावा, लगेच शुद्धीवर येते. यातलं काहीही करायचं नसतं. फक्त कुशीवर वळवायचं, डावी कूस बरी, आजूबाजूचं सामान हटवायचं, तोंडात काही कोंबायचं नाही आणि दवाखाना गाठायचा. हे मला आज तोंडपाठ आहे. त्या दिवशी मी हातात कांदा घेऊन उभा होतो.

१०८ ची गाडी तेव्हा महाराष्ट्रात नव्हती, ती २०१४ मध्ये आली. बडकस चौकातून ऑटो आणला. ताई मागच्या सीटवर आईच्या मांडीत, मी ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर. रस्त्यात दुसरा झटका आला. ऑटोवाला सारखा हॉर्न दाबत होता आणि मधूनच आईला म्हणत होता, "काही होत नाही माय, काही होत नाही. पोचलोच समजा."

कुठल्या सरकारी दवाखान्यात नेलं ते सांगत बसत नाही. नागपूरच्या माणसाला अंदाज येईल, बाहेरच्याला त्यानं काही फरक पडत नाही. स्ट्रेचर मिळाला, त्याचं एक चाक अडत होतं. केसपेपरच्या खिडकीवर नाव सांगितलं, वय सांगितलं, पत्ता सांगितला. "नवऱ्याचं नाव?" आणि मी थांबलो. आम्ही सगळे त्यांना भाऊजीच म्हणतो. तीन वर्षं झाली होती लग्नाला, पत्रिका मीच छापून आणली होती, आणि मला नाव आठवेना. मागच्या माणसानं म्हटलं, "अबे, लवकर सांग नं." शेवटी मी आडनाव सांगितलं आणि कारकुनानं तेवढ्यावरच भागवलं.

आत जी निवासी डॉक्टर होती ती माझ्याच वयाची, फार तर चार वर्षांनी मोठी. डोळ्यांखाली काळं, वेणी सुटलेली. तिनं ताईला कुशीवर करून घेतलं, नाकाला ऑक्सिजन लावला, पट्टा बांधला आणि एकेक प्रश्न विचारत गेली. कितवा महिना? किती झटके? मध्ये शुद्धीवर आली होती का? पहिलंच बाळंतपण? आणि मग, "शेवटचं बीपी कधी मोजलं होतं?"

आई माझ्याकडे बघायला लागली.

वर्ध्याला मोजलं होतं, दीडेक महिन्यापूर्वी. कार्ड वर्ध्याला होतं. आज सकाळी डॉक्टरकडे जाऊन आलो हे मी सांगितलं. "त्यांनी किती सांगितलं?" "मोजलं नाही." ती काही बोलली नाही. खाली मान घालून तिनं आकडा लिहिला. १८०/१२०.

एरवी १४०/९० च्या वर गेलं तरी गरोदर बाईकडे लक्ष द्यावं लागतं, आणि १६०/११० म्हणजे तर धोकाच. पायाची सूज, डोकेदुखी, काजवे, बरगडीखालचं दुखणं ही एकाच आजाराची चार टोकं होती आणि आम्ही एकेक टोक उन्हाच्या नावावर खपवलं होतं. झटके आले की त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. त्यावर मॅग्नेशियम सल्फेट, सगळे त्याला मॅगसल्फ म्हणतात. ४ ग्रॅम शिरेतून हळूहळू, मग ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत, आणि पुढे दर चार तासांनी ५ ग्रॅम. कुल्ल्यातलं इंजेक्शन फार दुखतं. ताई बेशुद्धीत होती तरी कण्हली. मी पाय धरले होते. मग सिस्टर म्हणाल्या, "आता बाहेर व्हा," आणि दार लागलं.

इथं भाचीनं विचारलं, "मग?" तिला आतलं हवं होतं.

मला आतलं माहीत नाही. मालिकेत दार लागतं तेव्हा कॅमेरा आत राहतो. आम्ही बाहेर राहतो. दाराच्या काचेला वर्तमानपत्र चिकटवलं होतं, त्यातल्या पिवळ्या पडलेल्या सोन्याच्या भावाच्या चौकटीकडे मी तासनतास बघितलं आहे. दर दहा-पंधरा मिनिटांनी दार हातभर उघडायचं आणि एक चिठ्ठी बाहेर यायची. हातमोजे. लघवीची नळी आणि पिशवी. सलाइन. चिठ्ठी घेऊन रस्त्यापलीकडच्या मेडिकल स्टोअरला धावायचं, सामान द्यायचं, पुन्हा उभं राहायचं. खरं सांगू का, त्या चिठ्ठ्यांचा आधार वाटायचा. चिठ्ठी आली म्हणजे ताई आहे. एकदा चाळीस मिनिटं चिठ्ठी आली नाही तेव्हा आईनं माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वळ उमटला.

तिसऱ्या का चौथ्या फेरीला मेडिकलवाल्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. डांबर वितळायला आलेलं, आणि माझ्या एका पायात माझी रबरी स्लीपर, दुसऱ्या पायात भलत्याच कोणाची चामड्याची चप्पल, दोन नंबर मोठी.

मग ती डॉक्टर बाहेर आली कागद घेऊन. सगळा इंग्रजीत. तिनं मराठीत समजावलं: झटके तात्पुरते थांबले, बीपी खाली आणतोय, पण या आजारावर खरा उपाय एकच, बाळ आणि वार बाहेर काढणं. थांबलो तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, वार सुटू शकते. बाळ कमी दिवसांचं आहे. दोघींच्याही जीवाला धोका आहे. "दोघींच्या" असंच म्हणाली ती, चुकून असेल, आणि मुलगीच झाली. आई की बाळ, एकच निवडा, असलं काही तिनं विचारलं नाही. तसं फक्त सिनेमात विचारतात. तिनं स्वतःचं पेन दिलं. नातं या रकान्यात मी 'भाऊ' लिहिलं. त्याआधी मी सही केली होती ती कॉलेजच्या प्रवेश अर्जावर.

रक्ताच्या दोन पिशव्या, बी पॉझिटिव्ह. रक्तपेढीत नमुना नेऊन द्यायचा, जुळवाजुळव करायला तासभर, आणि बदल्यात रक्तदाते उभे करायचे. मी एक. बाकीचे मंडळातले, गणपतीत ढोल वाजवणारी पोरं. फोन केला तर पाच आले, त्यातला एक वजन कमी म्हणून परत पाठवला, तो रुसून बसला. पिशव्या बर्फाच्या डब्यात घालून मी ऑटोत मांडीवर धरल्या. बाहेर संध्याकाळी सहालाही झळा होत्या.

रात्री साडेआठला सिझेरियन झालं. पोर १ किलो ७०० ग्रॅमची. एक मावशी तिला हिरव्या कपड्यात गुंडाळून आमच्यासमोरून अतिदक्षता कक्षाकडे घेऊन गेल्या. न थांबता, नुसतं "पोरगी आहे" म्हणून. भाऊजी एसटीनं पोचले तेव्हा दहा वाजले होते. त्यांना पाहिल्यावर मला त्यांचं नाव आठवलं.

मला आत सोडलं ते पहाटे, एकदाच. खोलीत अंधार केलेला, आवाज नको म्हणून. ताईचा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. दर थोड्या वेळानं एक सिस्टर यायच्या, गुडघ्याखाली छोट्या हातोडीनं टक् करायच्या, पाय उडाला की वहीत लिहायच्या. मग छातीकडे बघत घड्याळावर श्वास मोजायच्या, मग लघवीची पिशवी. मी विचारलं, हे कशाला? म्हणाल्या, मॅगसल्फ जास्त झालं तर आधी गुडघ्याची उडी जाते, मग श्वास जातो. म्हणून गुडघा विचारत राहायचा. त्यावरचं उतारा-इंजेक्शन, कॅल्शियमचं, उशाशी भरून ठेवलं होतं. रात्रभर तो टक् आवाज येत होता. मला त्या रात्रीचं काही स्वप्नात आलंच तर तेवढंच येतं.

एवढं सांगून मी पाणी प्यायलो. भाची कधी नव्हे ती गप्प होती. ताईनं पदर चाळवला आणि म्हणाली, "लाव पुढे."

"आई, नको."

"लाव गं."

उरलेला भाग तिनं पूर्ण पाहिला. स्त्रीरोगतज्ज्ञ मोकळे नाहीत, ग्रीन स्वतःच प्रसूती करायला घेतो. बाळाचा खांदा अडकतो. शेवटी तो तिथंच, इमर्जन्सीत, पोट उघडतो. वार सुटलेली असते. बाळ वाचतं. आईचं रक्त थांबत नाही. तो किती वेळ झटत राहतो, बाकीचे थांबले तरी थांबत नाही. आणि ती जाते. नवरा बाळाजवळ असतो, त्याला जाऊन सांगावं लागतं. शेवटी ग्रीन एकटा रडतो. हा भाग लिहिणारा लान्स जेंटाइल स्वतः इमर्जन्सी विभागातला डॉक्टर होता, आणि त्याला या लेखनासाठी एमी पुरस्कार मिळाला. ते जाणवतं. त्यात कोणी खलनायक नाही.

आणि हेच मला सोसलं नाही. त्या सकाळच्या डॉक्टरांवर मी १६ वर्षं राग धरून आहे. त्या वेळी मी त्यांची पाटी फोडायला निघालो होतो, बाबांनी दारात अडवलं. म्हणाले, "आधी आपल्या घरची पाटी फोड. सूज तुलाही दिसत होती." आता तो चष्मेवाला ग्रीन, इतका भला, इतका हुशार, तीच चूक करतो. साधं दुखणं समजून घरी पाठवतो. धावपळ, रक्त, आरडाओरडा हे सगळं नंतरचं. चूक झाली ती सगळे हसत असताना, निवांत. मला त्याची दया येत होती आणि दया येतेय याचा राग येत होता. बीपी मोजायला एक मिनिट लागतं. मी अजूनही त्या दवाखान्यावरून जाताना मान वळवून घेतो. पण आता वळवताना ग्रीन आठवतो, हा एक नवाच ताप झाला.

वातावरण हलकं करायला भाचीनं तिची माहिती काढली. १९९६ साली अमेरिकेत डॉक्टरांनी 'ईआर' आणि आणखी दोन मालिकांचे ९७ भाग बसून तपासले होते. छाती दाबून जीव परत आणायचे ६० प्रसंग, त्यात ७५ टक्के माणसं जागच्या जागी वाचली. खऱ्या दवाखान्यात इतकी कधीच वाचत नाहीत. "म्हणजे मालिकेत सगळे वाचतात, आई, आणि हीच बाई नेमकी गेली."

"आणि मी वाचले," ताई म्हणाली.

ती उठली, बेसिनच्या आरशासमोर गेली, जीभ बाहेर काढून उजवी कड बघितली. खूप वेळ. मग लेकीनं बीपीचं यंत्र आणलं. ताईला आता रोजची गोळी आहे. गरोदरपणी असं झालेल्या बायकांना पुढे बीपीचा त्रास जास्त होतो, हे तिला वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. दंडाला पट्टा बांधला, यंत्र घुर्रघुर्र करायला लागलं. मापताना बोलायचं नसतं, म्हणून आम्ही तिघंही गप्प. १३८/८८.

पट्टा सोडता सोडता ताईनं विचारलं, "एक सांग. ती चप्पल. ती खरंच लावली होती का माझ्या नाकाला?"

मी म्हणालो, जाऊ दे नं आता.

"कोणाची होती?"

"शेजारच्या काकांची."

"त्या काकांची?" ताईचा आवाज चढला. "जे चपला घालून शेणातून चालायचे ते? आणि तू लावू दिली?"

"मीच लावली," मी म्हणालो. "आणि मग तीच पायात घालून दवाखान्यात आलो."

भाची टीपॉयवर डोकं ठेवून हसत सुटली. ताई मात्र हसली नाही. ती उठली, बेसिनशी गेली आणि नाकावर पाणी मारायला लागली.